तिरकं येणारं विमान सरळ कधी होतं?

खिडकीवाला (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं. धावपट्टीवरचे पांढरे पट्टे खिडकीतून स्पष्ट दिसत होते, चाकं टेकायला फार तर दोन-तीन सेकंद उरले असतील, तेवढ्यात इंजिनं गरजली आणि पाठ सीटला चिकटली. सगळे चिडीचूप. बऱ्याच वेळाने घोषणा झाली की आडव्या वाऱ्यामुळे पुन्हा प्रयत्न करतोय. दुसऱ्या खेपेला उतरलो ते असं दणकन की मागच्या रांगेतलं झोपलेलं बाळ उठलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नवशिक्या दिसतोय." खरं सांगायचं तर मीही मान डोलावली.

घरी आल्यावर मात्र असले व्हिडिओ बघायचं व्यसनच लागलं. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळात हीथ्रोवर उतरणारी विमानं 'बिग जेट टीव्ही'वाल्याने थेट दाखवली होती, ती लाखो लोकांनी पाहिली. मी त्यांच्यात उशिरा सामील झालो. विमान धावपट्टीकडे खेकड्यासारखं तिरकं येतं आणि शेवटच्या क्षणी सरळ होतं. काही वेळा होतही नाही, तसंच टेकतं.

ते मुळात तिरकं का येतं? तिरकं टेकल्यावर चाकं मोडत कशी नाहीत? हे सगळं संगणक करत नाही का? आणि वारा किती झाला की वैमानिक 'आता बास' म्हणतो? जाणकारांनी सांगावं.

शून्य_लंबक

पहिल्याचं उत्तर देतो, बाकीच्यांना जाणकार येतीलच.

नदी ओलांडणारी होडी आठवा. समोरच्या घाटावर पोचायचं तर नावाडी टोक घाटाच्या वरच्या अंगाला धरतो, कारण पाणी होडीला खाली नेत असतं. काठावरून होडी तिरकी दिसते. पाण्याच्या हिशेबाने ती अगदी सरळ चाललेली असते.

विमानाचंही तेच. हवेत असताना ते हवेच्या दृष्टीने नाकासमोरच उडतं. वारा बाजूने येऊन विमानाला सतत ढकलतोय हे आपल्या डोक्यातलं चित्र चुकीचं आहे. सगळा हवेचा लोंढाच सरकतोय आणि विमान त्याच्या पोटात आहे. उतरताना वेग १४० नॉट (साधारण २६० किमी ताशी) आणि वारा बरोबर काटकोनात ३० नॉट (५५ किमी) धरला, तर नाक सुमारे १२ अंश वाऱ्याकडे वळवावं लागतं. व्हिडिओत लांब पल्ल्याच्या लेन्समुळे ते १२ अंश तीस वाटतात.

भुईनळा

म्हणजे वर असताना काहीच धोका नाही?

शून्य_लंबक

तिरकेपणाचा म्हणून नाही. भानगड जमिनीपाशी सुरू होते. जमीन काही वाऱ्याबरोबर सरकत नाही ना.

उजवी_सीट

शून्य_लंबक, होडीचा दाखला चोरणार आहे, आधीच सांगतो. मी सिंगल-आइल जेट (मधून एकच वाट असलेलं) उडवतो (आयडीवरून कळलंच असेल, सहवैमानिकाच्या खुर्चीतून). जसं घडतं त्याच क्रमाने लिहितो.

उतरताना आमचा वेग वाऱ्यानुसार थोडा वाढवलेला असतो. बोइंगची जुनी रीत अशी की समोरच्या वाऱ्याच्या घटकाचा निम्मा भाग आणि झोताची वाढ पूर्ण, एवढं मूळ वेगात मिळवायचं, ठरलेल्या कमाल मर्यादेत. झोत अचानक पडला तर हाताशी काहीतरी शिल्लक हवं म्हणून. खाली येताना वारा सहसा कमी होत जातो, कारण जमिनीशी घर्षण असतं. त्यामुळे तिरकेपणाचा कोनही सारखा बदलतो. हजार फुटांवर १५ अंश असेल तर पन्नास फुटांवर दहाच उरला असेल. म्हणजे एकदा कोन धरला आणि निवांत बसलो, असं होत नाही.

आता शेवटचे काही सेकंद. वारा डावीकडून आहे असं धरा, म्हणजे नाक डावीकडे आहे. फ्लेअरमध्ये, नाक किंचित उचलताना, उजवा पाय दाबायचा. रडर (शेपटीवरचं उभं, वळणारं पातं) वळतं आणि नाक पट्टीच्या रेषेत येतं. पण नाक उजवीकडे फिरताना डावा पंख पुढे झेपावतो, त्याला जास्त उचल मिळते आणि विमान उजवीकडे कलायला लागतं. म्हणून त्याच वेळी हात डावीकडे. पाय एकीकडे, हात दुसरीकडे. सिम्युलेटरमध्ये पहिल्यांदा करताना मेंदूला गाठ बसते.

सगळं मर्म वेळेत आहे. नाक सरळ केलं की विमान वाऱ्याबरोबर वाहायला लागतं, पण लगेच नाही. साठ-पासष्ट टनांचं धूड आहे, त्याला जडत्व असतं. तेवढे दोन-तीन सेकंद जडत्वाकडून उधार मिळतात आणि त्यातच चाकं टेकवायची असतात. लवकर सरळ केलं तर उधारी संपते आणि आपण मधल्या रेषेवरून सरकू लागतो. उशीर झाला तर तिरके टेकतो.

दुसरी रीतही आहे. वाऱ्याकडचा पंख खाली ठेवून, उलट्या रडरने नाक सरळ धरून, एका अंगावर उतरायचं. छोट्या विमानांत हे छान जमतं. मोठ्या जेटमध्ये पंखाखाली इंजिनं लटकलेली असतात, पंख जास्त झुकवला तर इंजिनाचं कवच जमिनीला घासेल. म्हणून बहुतेक वेळा दोन्हींची मिसळ: बराचसा तिरकेपणा काढायचा, थोडा पंख झुकवायचा, आणि एखाद-दोन अंश उरले तर उरू द्यायचे.

खिडकीवाला

सगळा तिरकेपणा काढायचाच नसतो? मला वाटलं उरला म्हणजे चूक.

गॅरेजवाला

इथे मी येतो. मी देखभालीत आहे, विमान तुम्ही आणता, चाकं मी बघतो.

बाजूचा ताण हिशेबात धरूनच लँडिंग गिअर (चाकं आणि त्यांचे पाय) घडवलेला असतो. मोठ्या प्रवासी विमानांच्या प्रमाणीकरण नियमांत चाकांवरच्या उभ्या भाराच्या ०.८ पट आतल्या बाजूने आणि ०.६ पट बाहेरच्या बाजूने असा आडवा भार सोसण्याची अट आहे. शिवाय सेकंदाला १० फूट वेगाने खाली आपटलं तरी गिअर टिकायला हवा. रोजची विमानं दोन-तीन फुटांनी टेकतात, त्यावरून अंदाज करा.

आणि तिरकं टेकलं की विमान आपोआप सरळ होऊ लागतं. वजनाचा केंद्रबिंदू मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे टायर घासले की नाक प्रवासाच्या दिशेला ओढलं जातं. व्हिडिओत धुराचा लोट उठतो तो त्याचाच. टायर बदलावे लागतात, ते बदलायलाच असतात. वैमानिकाने वहीत 'हार्ड लँडिंग' किंवा आडवा भार असं लिहिलं, की मग मात्र आम्ही कंदील घेऊन गिअरखाली.

अवांतर: अमेरिकी हवाई दलाच्या बी-५२ बॉम्बरला चाकंच वळवायची सोय आहे. वाऱ्याच्या हिशेबाने सगळी चाकं २० अंशांपर्यंत फिरवून ठेवायची आणि विमान सरळ न करता खेकडा चालीनेच उतरायचं. धावपट्टीवर ते नाक एकीकडे, चाल दुसरीकडे असं धावतं. बघायला विचित्र, पण त्याचे पंख इतके लांब की एका अंगावर झुकणं शक्यच नाही.

उजवी_सीट

+१. ओल्या पट्टीवर तर थोडा तिरकेपणा चालतोच. घर्षण कमी असल्याने गिअरवर झटकाही कमी बसतो. कोरड्या पट्टीवर मात्र झटका अख्ख्या विमानाला जाणवतो.

लांब विमानात आणखी एक मजा. ७७७-३०० मध्ये पुढच्या आणि मुख्य चाकांत ३१ मीटर अंतर आहे आणि वैमानिक त्याच्याही पुढे बसतो. १० अंश तिरके असाल आणि मुख्य चाकं मधल्या रेषेवर हवी असतील, तर वैमानिक स्वतः रेषेच्या पाच-सहा मीटर बाजूला असायला हवा. स्वतःला रेषेवर आणलंत, तर चाकं तेवढीच दुसरीकडे. छोट्या विमानावरून मोठ्यावर येणाऱ्याचं सगळ्यात आधी हेच चुकतं.

रातकिडा

पण हे सगळं ऑटोलँड करतं ना? धुक्यात संगणकच उतरवतो असं वाचलंय. मग वाऱ्यात माणूस कशाला?

उजवी_सीट

उलट आहे. ऑटोलँडची क्रॉसविंडची (आडव्या वाऱ्याची) मर्यादा माणसाच्या मर्यादेपेक्षा कमी असते. अनेक विमानांत ती २० ते २५ नॉटच्या आसपास. ही यंत्रणा मुख्यतः कमी दृश्यमानतेसाठी बनली, आणि दाट धुकं व सोसाट्याचा वारा एकत्र फारसे नांदत नाहीत. वारा सुटला की धुकं पळतं. तुम्ही युनिस वादळाच्या व्हिडिओत पाहिलीत ती विमानं त्या क्षणी माणसांच्याच हातात होती.

चिकित्सक

माझा मुद्दा चौथ्या प्रश्नावर. इंटरनेटवर प्रत्येक विमानापुढे एक आकडा असतो. ए३२० ला ३८ नॉट, अमक्याला ३५. मग ३९ ला काय होतं? विमान उलटतं?

उजवी_सीट

हा प्रश्न यावा अशी इच्छा होतीच.

त्या आकड्याचं पूर्ण नाव आहे 'मॅक्सिमम डेमॉन्स्ट्रेटेड क्रॉसविंड'. म्हणजे चाचणीत दाखवून दिलेला जास्तीत जास्त वारा. प्रमाणीकरणाचा नियम फार मोठी मागणी करत नाही: किमान २० नॉट किंवा स्टॉल वेगाच्या (ज्याखाली पंखांची उचल कोसळते त्या वेगाच्या) ०.२ पट, यांतलं जे जास्त असेल ते. आणि तेही २५ च्या वर मागितलं जात नाही. त्यापुढचं निर्माता स्वतः दाखवतो. त्यासाठी खरा वारा लागतो, पंखा लावून भागत नाही. कंपन्या वाऱ्याचा अंदाज बघत जगभर फिरतात. ए३८० ची अशी चाचणी २००६ मध्ये आइसलंडमधल्या केफ्लाविकला झाली. त्या दिवसांत जेवढा वारा मिळाला आणि चाचणी वैमानिकांना जेवढ्यात विमान नीट आवरलं, तो आकडा पुस्तकात जातो.

म्हणजे ३९ ला विमान उलटत नाही. ३८ पर्यंत करून पाहिलंय, पुढचं करून पाहिलेलं नाही, एवढाच अर्थ. गंमत म्हणजे विमान पोचल्यावर बऱ्याच एअरलाइन्स हाच आकडा सक्तीची मर्यादा करून टाकतात, काही तो आणखी कमी करतात, आणि ओली किंवा बर्फाची पट्टी असेल तर बराच खाली आणतात. सहवैमानिकाला तर कॅप्टनपेक्षा कमी मर्यादा असणं सर्रास आहे. माझ्या आकड्यावर कॅप्टन हसतात.

चिकित्सक

म्हणजे मर्यादा आहे पण नाही, आणि नाही पण आहे. याने गोंधळ होत नसेल?

उजवी_सीट

होतो. त्याचं उदाहरणच आहे. १ मार्च २००८, हॅम्बुर्ग, एम्मा वादळ, लुफ्तान्साचं ए३२०. धावपट्टी २३, म्हणजे दिशा २३० अंश. टॉवरने सांगितलेला वारा ३०० अंशांवरून ३३ नॉट, झोत ४७. पट्टी आणि वाऱ्यातला कोन ७० अंश, म्हणजे झोताचा आडवा घटक ४४ च्या घरात. टेकताना विमान डावीकडे कललं आणि पंखाचं टोक जमिनीला घासलं. त्यांनी गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेले, आणि मग धावपट्टी ३३ वर सुखरूप उतरले. १३७ जणांपैकी कुणालाही इजा नाही. तो व्हिडिओ अजून फिरतो.

आधी माध्यमांनी वैमानिकांना डोक्यावर घेतलं. नंतर जर्मन अपघात चौकशी संस्थेचा अहवाल आला, त्यात दोन गोष्टी डोळ्यांत भरणाऱ्या. एक, हा 'डेमॉन्स्ट्रेटेड' आकडा मर्यादा समजायचा की माहिती, यावर वैमानिकांमध्येच एकमत नव्हतं. दोन, डावं चाक टेकताच विमानाच्या संगणकाने आपण जमिनीवर आहोत असं समजून नियंत्रणाची पद्धत बदलली, त्यामुळे कलणं सावरण्याची ताकद ऐन वेळी कमी पडली.

मला त्यात सगळ्यात बोलका वाटतो तो धावपट्टी ३३ चा भाग. तिच्यावर वाऱ्याचा कोन फक्त ३० अंश होता. तोच वारा, तेच विमान, आणि आडवा घटक जवळपास निम्मा. ती पट्टी पहिल्यापासून तिथेच होती.

भुईनळा

मग आधीच तिच्यावर का नाही उतरले?

उजवी_सीट

वापरात २३ होती आणि तिला पूर्ण आयएलएस (रेडिओ लहरींनी पट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा) होतं, ३३ ला तेवढी सोय नव्हती. मागून शहाणपण सांगणं सोपं असतं, मी त्या खुर्चीत नव्हतो. पण तेव्हापासून मी टॉवरला दुसरी पट्टी विचारायला लाजत नाही.

जुना_टॉवर

विचारत जा, आम्हाला त्रास होत नाही. झाला तरी विचारा.

वाऱ्याच्या आकड्याबद्दल दोन शब्द, कारण इथे सगळे तो दगडावरची रेघ असल्यासारखे बोलताहेत. लँडिंगच्या वेळी टॉवर सांगतो तो मागच्या दोन मिनिटांचा सरासरी वारा. हवामान अहवालात, म्हणजे मेटारमध्ये, तो दहा मिनिटांचा असतो. सरासरीपेक्षा दहा नॉट किंवा अधिक उसळी असेल तरच झोत म्हणून वेगळा सांगतात. हे मोजणारं यंत्र जमिनीपासून १० मीटरवर, एका ठरावीक जागी उभं असतं. तीन किलोमीटरच्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, हँगरच्या आडोशाला काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं.

याचा फटका टेक-ऑफलाही बसतो. २० डिसेंबर २००८ ला डेन्व्हरला कॉन्टिनेंटलचं ७३७ उड्डाणाच्या धावेत पट्टीवरून घसरलं आणि जळालं. कुणी दगावलं नाही हे नशीब. वैमानिकांना सांगितलेला वारा होता २७ नॉट, आणि धावेत त्यांना गाठलं ४५ नॉटच्या झोताने. अर्थात चौकशीत त्यांच्या रडर सोडण्यावरही बोट ठेवलं गेलं.

आणि उतरायचं की नाही हे टॉवर ठरवत नाही. आम्ही वारा सांगतो, परवानगी देतो. निर्णय वैमानिकाचा. मदीरा बेटावरचं फुंशाल विमानतळ मात्र वेगळं. डोंगरावरून येणारा वारा तिथे इतका बेभरवशाचा, की विमान कुठलंही असो, वाऱ्याची मर्यादा त्या विमानतळासाठीच ठरवून दिलेली आहे आणि ती सक्तीची आहे. तिकडची विमानं घिरट्या घालून शेजारच्या बेटावर जाणं ही रोजची बातमी.

सांजवेळ

वाचतेय. धागा उत्तम, पण आता माझं पुढचं तिकीट रद्द करावंसं वाटतंय.

गॅरेजवाला

करू नका. ज्या दिवशी विमान परत वर जातं, त्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं.

चिकित्सक

ठरल्याप्रमाणे? हाँगकाँगला १९९९ मध्ये वादळात चायना एअरलाइन्सचं एमडी-११ उतरताना उलटंच झालं होतं. ३१५ पैकी तिघे गेले. तेव्हा ते वर का नाही गेलं?

उजवी_सीट

रास्त प्रश्न. २२ ऑगस्ट १९९९. तिथे चौकशीत मुख्य ठपका आडव्या वाऱ्यावर नव्हता. जमिनीजवळ खाली येण्याचा वेग वाढला आणि तो रोखला गेला नाही. उजवीकडचं मुख्य चाक फार जोरात आपटलं, पंख तुटला. वारा पार्श्वभूमीला होताच. पण हेच सांगायचं होतं: वाऱ्याशी झुंजताना सगळं लक्ष आडव्या दिशेला जातं आणि उभी दिशा हातातून निसटते.

म्हणूनच ठरावीक उंचीवर, ढगात असाल तर हजार फुटांवर आणि स्वच्छ दिसत असेल तर पाचशेवर, वेग, उतरण, दिशा सगळं चौकटीत हवं, नाहीतर गो-अराउंड. त्याखालीही कधीही करता येतं, चाकं टेकल्यावरसुद्धा. एकदा रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा जोर उलटा वळवून वेग कमी करणं) उघडला की मात्र दार बंद, मग थांबायचंच. आणि आडव्या वाऱ्यात रिव्हर्सही जपून. विमान तिरकं असताना मागे ओढणारा जोर त्याला वाऱ्याच्या दिशेने पट्टीबाहेरही ओढतो. घसरतंय असं वाटलं तर रिव्हर्स कमी करायचा, आधी रेषेवर यायचं, मग पुन्हा. टेकल्यावर शेपटीचा मोठा उभा पंख वारा धरतो आणि नाक वाऱ्याकडे वळवतो, तेही पायाने सांभाळायचं. प्रवाशांचे मोबाईल चालू होतात तेव्हा आमचं काम अर्धंच झालेलं असतं.

खिडकीवाला

मग तो दणका? तो तरी चुकला म्हणायचा ना?

उजवी_सीट

मी तिथे नव्हतो, पण पैज लावायला तयार आहे की मुद्दाम होता. पट्टी ओली होती का?

खिडकीवाला

हो, पाऊस पडून गेला होता.

उजवी_सीट

मग झालंच. हळुवार टेकवायचं तर विमान पट्टीवर तरंगत ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात वर सांगितलेली उधारी संपते. शिवाय ओल्या पट्टीवर चाकं फिरायला लागण्याआधीच पाण्याच्या थरावर घसरू शकतात. ठाम टेकवलं की थर फुटतो, चाकं फिरतात, स्पॉयलर (पंखांवरची उचल मोडणारी पाती) उघडतात, वजन चाकांवर येतं. लोण्यासारखं लँडिंग शांत हवेतल्या कोरड्या पट्टीसाठी राखून ठेवलेलं बरं.

शून्य_लंबक

ज्यांना घरबसल्या हिशेब करायचाय त्यांच्यासाठी: पट्टीचा आकडा गुणिले दहा म्हणजे तिची दिशा. वारा आणि पट्टी यांतला कोन घड्याळाच्या मिनिटांसारखा धरा. १५ अंश म्हणजे पाव वारा आडवा, ३० म्हणजे अर्धा, ४५ म्हणजे पाऊण, ६० किंवा जास्त म्हणजे जवळजवळ सगळा. ४५ ला खरं उत्तर ०.७ आहे, पण खिडकीतून बघणाऱ्याला पाऊण चालेल.

खिडकीवाला

करून बघितलं! उद्या जायचंय, तिथली पट्टी २७, आत्ताचा वारा ३१० वरून २८ नॉट. कोन ४०. त्या पद्धतीने १८-१९ नॉट. म्हणजे अगदीच किरकोळ.

जुना_टॉवर

मेटारमधला वारा खऱ्या उत्तरेपासून असतो आणि पट्टीचा आकडा चुंबकीय उत्तरेपासून. काही ठिकाणी चांगलाच फरक पडतो. आणि तो आत्ताचा वारा आहे, उद्याचा नाही.

उजवी_सीट

झोत किती होता? तो लिहिलाच नाहीत.

खिडकीवाला

हो, २८ च्या पुढे जी आणि ४१ असं काहीतरी होतं. ते झोताचं का?

उजवी_सीट

तेच. मग १८ नव्हे, २६ धरा. आणि शेजारी कोण बसतंय त्यांना आधीच सांगून ठेवा, की दणका बसेल.